नडगीवरची जखम आणि पंचवटीतलं ‘पॅकेज’

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा जुनाट आजार. पोट शांत असतानाच त्याच्या नडगीवर पुळी आली, फुटली आणि बघता बघता तिथे खड्डा पडला. कडा जांभळ्या, ठणका असा की चादर लागली तरी ओरडायचा.

नातेवाइकांनी पंचवटीतल्या एका गाळ्याचं नाव सुचवलं. न भरणाऱ्या जखमा हमखास भरतात, असा बोर्ड. तिथल्या माणसाने फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘पोटातलं विष पायातून निघतंय. आतड्याच्या गोळ्या आधी बंद करा.’ पॅकेज ४०,००० रुपयांचं, रोख आणि आगाऊ. पावती? ‘कोर्स संपला की देतो.’

दर खेपेला तो जखम खरवडून वर काळा लेप थापायचा. जखम वाढायची, की म्हणायचा, ‘बघा, विष सुटतंय!’ फसवणुकीची खरी मेख हीच. रोगी जितका बिघडेल, तितकं औषध लागू पडतंय म्हणायचं. इकडे गोळ्या बंद झाल्याने शौचावाटे पुन्हा रक्त जायला लागलं.

शेवटी कॉलेज रोडच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. जखम बघताच त्यांनी विचारलं, ‘पोटाचा काही आजार आहे का?’ निदान झालं पायोडर्मा गँग्रिनोसम. हा जंतुसंसर्ग नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटते. आतड्याच्या अशा आजारात तो क्वचित होतो, पोट ठीक असतानाही होऊ शकतो. आणि ही जखम खरवडली, कापली की आणखी पसरते! म्हणजे आम्ही पैसे मोजले ते नेमके जखम वाढवण्याचे. स्टेरॉइडवर ती हळूहळू भरत आली. काहींना सायक्लोस्पोरिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लागतात.

कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) असलेल्यांनी एवढं करा. डोळा लाल होऊन उजेड सहन होत नसेल, नडगीवर दुखऱ्या गाठी आल्या, सकाळी कंबर आखडत असेल, कावीळ दिसली, तर पोटाच्या डॉक्टरांना सांगा. त्याचा पोटाशी काय संबंध, असं म्हणून गप्प राहू नका. एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. या आजारात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. आणि चालू गोळ्या, विशेषतः स्टेरॉइड, कुणाच्याही सांगण्यावरून एकदम थांबवू नका.

पंचवटीतल्या त्या माणसाने पदवी आणि नोंदणी क्रमांक शेवटपर्यंत दाखवला नाही. आम्ही महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार दिली आहे. त्या गाळ्यात आणखी कुणी पैसे भरले असतील तर पावती नसली तरी व्हॉट्सअॅपचे मेसेज आणि जखमेचे तारखेसह फोटो पुसू नका. आमच्या तक्रारीला आम्ही तेच जोडले आहेत.