एक दात जन्मतः नाही, दुसरा खुंटीएवढा : निदान आणि नियोजनाच्या भेटींचे परीक्षण

सांगलीच्या विश्रामबाग परिसरातील या दंतचिकित्सालयात पहिले अडीच महिने माझ्या मुलीच्या तोंडात कोणतीही तार बसली नाही, कोणताही दात यंत्राने घासला गेला नाही, तरीही त्या काळाचे शुल्क आम्ही दिले आणि ते दिल्याचा मला पश्चात्ताप नाही. हे परीक्षण त्या अडीच महिन्यांचे, म्हणजे निदान आणि नियोजन या सेवेचे आहे. प्रत्यक्ष उपचार अजून चालू आहेत, त्यामुळे त्यांच्यावर मत देणे आत्ताच उचित होणार नाही.

मुलगी 13 वर्षांची आहे. वरच्या जबड्यात समोरचा मोठा दात आणि सुळा यांच्या मधला जो पटाशीचा दात असतो, तो तिला उजव्या बाजूला जन्मतःच नाही. डाव्या बाजूला आहे, पण खुंटीसारखा निमुळता, अवघा 4.2 मिलिमीटर रुंद. हे दात साधारणतः 8 ते 9 व्या वर्षी येतात. ती 9 वर्षांची असताना आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो, तिथे “काही मुलांचे उशिरा येतात, वाट पाहा” असे सांगण्यात आले, आणि आम्ही पुढची दोन वर्षे खरोखरच वाट पाहिली. एक एक्स-रे काढावा, असे ना त्यांनी सुचवले ना आम्हाला सुचले. 11 व्या वर्षी दुधाचा दात पडला आणि त्या जागी सुळा डोकावू लागला, तेव्हा कुठे शंका आली. दुसऱ्या एका ठिकाणी विचारले, तर “उन्हाळ्याच्या सुट्टीत इम्प्लांट बसवून टाकू” असे उत्तर मिळाले. 12 वर्षांच्या मुलीला इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात, का बसवू नये, हे मला तेव्हा माहीत नव्हते, ते या तिसऱ्या ठिकाणी कळले.

पहिल्या भेटीत ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात जागेवर आणणाऱ्या तज्ज्ञ, बाईंनी सगळे दात मोजले आणि ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, बाहेरच्या केंद्रातून काढून आणायला सांगितला. त्यात उजव्या बाजूला दाताचा अंकुरच नाही, हे दिसल्यावर विषय संपेल असे मला वाटले होते. बाईंनी मात्र तिथून सुरुवात केली. खालच्या दुसऱ्या उपदाढांचे (सुळा आणि दाढा यांच्या मधल्या दोन दातांपैकी मागच्याचे) अंकुर आहेत का, हे त्यांनी दोन्ही बाजूंना तपासले, कारण अक्कलदाढा वगळल्या तर जन्मतः नसणाऱ्या दातांमध्ये त्या उपदाढा आणि वरचे हे दात यांचाच क्रमांक वर लागतो. मग त्यांनी विचारलेला प्रश्न ऐकून मी चमकले : “हिला घाम नीट येतो का?” केस विरळ आहेत का, नखे ठिसूळ आहेत का, हेही विचारले. दात, केस, नखे आणि घामाच्या ग्रंथी गर्भात एकाच बाह्यस्तरातून घडतात. त्यात मूळचा दोष असेल तर अनेक दात एकदम गैरहजर असतात आणि मग प्रश्न केवळ दातांचा राहत नाही. आमच्याकडे तसे काही नव्हते, पण विचारले गेले, याची मी नोंद ठेवली आहे.

घरात आणखी कोणाला असे आहे का, हा प्रश्नही झाला. माझ्या भावाच्या दातांतली फट आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत, पण तिचा हिशेब कोणी कधी मांडला नव्हता. हा दात शंभरात साधारण एक-दोन जणांना नसतो, घराण्यातून पुढे चालत येतो, आणि एका बाजूला नसेल तर दुसऱ्या बाजूचा पुष्कळदा लहान किंवा निमुळता असतो, म्हणजे मुलीच्या दोन्ही बाजू एकाच कारणाची दोन रूपे आहेत, हे त्या दिवशी उलगडले. अशा घरांतील मुलांचे सुळे कधी कधी टाळूकडे भरकटतात, म्हणून माझ्या 9 वर्षांच्या मुलालाही तपासणीला आणावे, असे बाईंनी सांगितले. हा सल्ला त्यांनी शुल्काविना दिला.

दुसरी भेट नोंदींची होती : दोन्ही जबड्यांची मापे, समोरून, बाजूने, ओठ मिटून आणि खळखळून हसताना काढलेले फोटो, डोक्याचा एका बाजूने घेतलेला एक्स-रे. सीबीसीटी, म्हणजे त्रिमित स्कॅन, त्यांनी या टप्प्यावर काढला नाही. हाडाची रुंदी मोजण्याची वेळ इम्प्लांटचा निर्णय घेताना येईल, तोवर वाढत्या मुलीला अधिक किरणे कशाला, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पटले.

या भेटीबद्दल एक तक्रार आहे. दिलेल्या वेळेनंतर आम्ही दीड तास बसून होतो, आणि आत गेल्यावर बाई व त्यांच्या साहाय्यक मुलीच्या डोक्यावरून आपसात इंग्रजीत बोलत राहिल्या. आरशात स्वतःचे दात पाहणे टाळणाऱ्या वयातल्या मुलीला आपल्याबद्दल काय बोलले जात आहे, ते कळायला हवे. मी तसे स्पष्ट सांगितले. पुढच्या भेटीत प्रत्येक गोष्ट आधी तिला सांगितली गेली, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे.

तिसरी भेट हा या सेवेचा गाभा. दर गुरुवारी इथे कृत्रिम दातांचे तज्ज्ञ, म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिस्ट, येतात. दोघे डॉक्टर, आम्ही आईबाप आणि मुलगी असे पाच जण एका टेबलाभोवती बसलो आणि टेबलावर तिच्याच दातांचे प्लास्टरचे दोन नमुने होते. पहिल्यात खुंटीसारखा दात काढून टाकून दोन्ही बाजूंच्या जागा बंद केलेल्या होत्या, सुळे पुढे आणून पटाशीच्या दातांच्या जागी आणि पहिल्या उपदाढा सुळ्यांच्या जागी बसवलेल्या. दुसऱ्यात उजवीकडे जागा उघडून मेणाचा दात घातला होता आणि डावीकडच्या खुंटीवर मेण चढवून तिला पूर्ण आकार दिला होता. एकच बाजू बंद करण्याचा तिसरा मार्ग का नाही, असे माझ्या यजमानांनी विचारले. वरच्या दातांची मध्यरेषा आधीच 2 मिलिमीटर उजवीकडे सरकली आहे, ती आणखी सरकेल आणि दोन बाजू कायमच्या वेगळ्या दिसतील, असे उत्तर मिळाले.

जागा बंद करण्याचा मार्ग वाईट नाही, हे दोघांनीही आवर्जून सांगितले. त्यात कृत्रिम दात लागत नाही, उपचार विशीच्या आत संपतात आणि हिरडी वयानुसार दातांबरोबरच हलते. वरचे दात खालच्यांच्या मानाने पुढे असतील, किंवा खाली इतकी दाटी असेल की तिथेही दात काढावे लागणार असतील, तर तो मार्ग चांगला बसतो. मुलीच्या बाबतीत दाढांची बैठक नीट होती आणि खालच्या रांगेत दाटी जवळपास नव्हती. त्यात तिचे सुळे रुंद आणि शेजारच्या दातांहून दोन छटा पिवळे. रंगपट्टी शेजारी धरून ते आम्हाला दाखवण्यात आले. टोक घासून सुळ्याला पटाशीच्या दाताचे रूप देता येते, पण एवढा रुंद सुळा किती घासावा लागेल आणि हसताना तिची हिरडी जितकी दिसते तितक्यात हिरडीच्या कडांची उंची जुळवणे किती अवघड जाईल, हेही नमुन्यावर बोट ठेवून समजावले. सुळ्याची हिरडी वर असते, पटाशीच्या दाताची जरा खाली. दातांच्या जागा बदलल्या की ही कडही बदलावी लागते, ही गोष्ट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती आणि आता प्रत्येकाच्या हसण्यात मला तीच दिसते. मुलीने पहिला नमुना हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि “हे नीट आहे, पण हे माझे नाही वाटत” असे म्हणून खाली ठेवला.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे जागा किती उघडायची, हा प्रश्न मला सर्वांत आवडला. डोळ्यांच्या अंदाजाने ते ठरत नाही. बोल्टन या ऑर्थोडॉन्टिस्टनी 1958 मध्ये मांडलेल्या गुणोत्तरानुसार खालच्या समोरच्या सहा दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या सरासरी 77.2 टक्के असते. मुलीच्या खालच्या सहा दातांची बेरीज 35.5 मिलिमीटर, म्हणजे वरच्या सहांना 46 मिलिमीटर हवेत. मधले दोन मोठे दात 8.5 प्रमाणे 17, दोन सुळे 7.8 प्रमाणे 15.6, उरले 13.4, म्हणजे प्रत्येक बाजूला 6.7. खुंटीवर अडीच मिलिमीटर साहित्य चढवायचे आणि उजवीकडे पूर्ण 6.7 मिलिमीटर जागा ठेवायची. सुवर्ण गुणोत्तराबद्दल, म्हणजे शेजारच्या दातांच्या दिसणाऱ्या रुंदीत असावे म्हणतात त्या 1.618 च्या प्रमाणाबद्दल, मी उत्साहाने विचारले, तर प्रॉस्थोडॉन्टिस्ट हसून म्हणाले, “मॅडम, ते बहुतेकांच्या तोंडात जुळत नाही, मेणावर पाहिलेलेच खरे.” पुढे कधी इम्प्लांट घालायचे ठरले, तर बारीक व्यासाचे 3.3 मिलिमीटरचे आणि दोन्ही बाजूंना किमान 1.5 मिलिमीटर हाड, असे 6.3 लागतात, म्हणून 6.7 त्यातही बसते. एवढे असूनही दातांमधली जागा आणि मुळांमधली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; वर जागा दिसते आणि आत मुळे एकमेकांकडे झुकलेली असतात, म्हणून तारा काढण्यापूर्वी एक्स-रे काढून मुळे समांतर आहेत ना, हे पाहण्याची अट योजनेत लिहिलेली आहे.

इम्प्लांट आत्ता का नाही, याचे उत्तरही इथेच मिळाले. नैसर्गिक दात जबड्याच्या वाढीबरोबर हळूहळू खाली उतरत राहतात. इम्प्लांट हाडाला पक्के जुळलेले असल्याने जागचे हलत नाही. 12 व्या वर्षी बसवलेला दात 18 व्या वर्षी शेजाऱ्यांपेक्षा आखूड आणि वर चढलेला दिसला असता. वाढ थांबली की नाही, हे वाढदिवसावरून ठरवायचे नसते. डोक्याचे बाजूने घेतलेले दोन एक्स-रे सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढून एकमेकांवर ठेवून पाहतात. विशीनंतरही थोडासा फरक पडत राहतो, हेही लपवले गेले नाही. म्हणून योजनेत आधी तारा, मग ब्रिज, म्हणजे मागून एकाच पातळ पंखासारख्या पट्टीने शेजारच्या दाताला चिकटवलेला कृत्रिम दात, आणि इम्प्लांटचा विचार मुलगी मोठी झाल्यावर तिच्या स्वतःच्या इच्छेने, असा क्रम आहे. दोन्ही बाजूंना चिकटवण्यापेक्षा एकच पंख बरा, कारण दोन दात चावताना वेगवेगळे हलतात आणि एक बाजू सुटली तरी ब्रिज तसाच अडकून राहिल्याने आत नकळत कीड लागते. तो ब्रिज चांगला टिकला तर इम्प्लांटची गरजही पडणार नाही, हे वाक्य इम्प्लांट बसवणाऱ्या डॉक्टरांकडून ऐकायला मिळाले, याचे मला विशेष वाटले.

आता उणिवा. नियोजनाचे स्वतंत्र शुल्क आहे, हे स्वागतकक्षात दुसऱ्या भेटीनंतर कळले, पहिल्या भेटीतच सांगायला हवे होते. रक्कम वाजवी होती, पण पद्धत चुकीची. लेखी योजना चार पानी, नेटकी, आणि पूर्ण इंग्रजीत आहे. माझ्या सासूबाईंना ती समजावण्यासाठी मी रविवार घालवून तिचे मराठी केले. सर्वांत मोठी त्रुटी खर्चाची आहे. तारांचा, खुंटीला आकार देण्याचा आणि पहिल्या ब्रिजचा खर्च नीट दिला आहे, परंतु ब्रिज निघाला तर पुन्हा बसवण्याचे किती, खुंटीवरचे साहित्य झिजल्यावर किती, दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रात्री घालायची रिटेनर प्लेट हरवल्यास किती, हे मी तीनदा विचारले तेव्हा पेन्सिलने समासात लिहून मिळाले. जागा उघडण्याचा मार्ग निवडणारा माणूस आयुष्यभराच्या देखभालीचाही मार्ग निवडत असतो, तेव्हा ते आकडे छापील हवेत. शाळा-नोकरी असलेल्यांसाठी रविवारी वेळ मिळत नाही आणि गुरुवारची संयुक्त बैठक सकाळीच असते, त्यामुळे मला दोन रजा टाकाव्या लागल्या.

ज्या घरात 9 वर्षांच्या मुलाचा एका बाजूचा पटाशीचा दात येऊन सहा-आठ महिने झाले आहेत आणि दुसऱ्या बाजूचा पत्ता नाही, त्यांनी इथे निदानासाठी जरूर यावे. सोबत जुने एक्स-रे आणि दात दाखवून हसणाऱ्या मामा-मावशांचे फोटो असतील तर आणावेत, बाई ते खरोखर पाहतात. उपचार लगेच सुरू व्हावेत अशी घाई असणाऱ्यांना इथला संथपणा मानवणार नाही. नियोजनाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, वेळ पाळण्याला दोन.

सध्या तारा लागून सात महिने झाले आहेत. सुळा मोठ्या दाताला लागूनच उगवला होता. तो स्प्रिंगने मागे सरकताना आपल्यामागे रुंद हाड सोडत जातो आणि तेच पुढे कामी येते, असे बाई सांगतात. उघडलेल्या जागेत, शाळेत फट दिसू नये म्हणून, तारेला एक कृत्रिम दात अडकवून दिला आहे. तो शेजारच्या दातांहून जरा जास्तच पांढरा आहे, अशी मुलीची तक्रार असून पुढच्या गुरुवारी तो बदलून मिळणार आहे.