जावाचं ॲरेज.सॉर्ट, आठ महिने वापरून: काळे कासारांच्या आधी का आले?

नोकरीच्या ठिकाणी, ऐरोलीला, मी जावा ही प्रोग्रामिंग भाषाच लिहिते. पण ॲरेज.सॉर्टची, म्हणजे यादी क्रमाने लावायच्या जावातल्या तयार सोयीची, खरी ओळख झाली ती ठाण्यात, नौपाड्यातल्या एका वाचनालयाची सभासद यादी संगणकावर आणताना. सुमारे चार हजार नावं. रविवारी दुपारी बसायचं आणि करायचं, असं आठ महिने चाललंय.

वेगाबद्दल तक्रार नाही. नुसत्या आकड्यांच्या ॲरेला (ओळीने ठेवलेल्या यादीला) जावा 7 पासून, म्हणजे 2011 पासून, दोन पिव्हटचं क्विकसॉर्ट लागतं: दोन निवडक किमतींभोवती यादीचे भाग पाडत क्रम लावणारी पद्धत. ऑब्जेक्ट, म्हणजे नावांसारख्या नोंदी, असतील तर टिमसॉर्ट ही पद्धत. ते टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथॉनसाठी लिहिलं होतं. आधीच क्रमात असलेले तुकडे ते ओळखतं आणि फक्त जोडतं. आमची यादी तशीच आहे: जुनी नावं लावलेली, महिन्याचे वीस-पंचवीस नवे सभासद शेवटी चिकटवलेले. शिवाय ते स्थिर आहे. आडनावाने लावलेली यादी नंतर विभागाने लावली, तरी पाचपाखाडीतली आडनावं आपापल्या क्रमात राहतात. हे मला फार आवडतं. काम एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडमध्ये वाटणारं पॅरलल सॉर्टही करून पाहिलं, फरक शून्य. 8192 पेक्षा लहान ॲरे ते एकाच थ्रेडमध्ये लावतं.

पहिली छापील यादी ग्रंथपाल बाईंना दिली. त्यांनी हातातलं रजिस्टर उघडलं. "अगं, काळे कासारांच्या आधी कसे आले?"

स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, नेहमीची तुलना युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्यांनी होते आणि तिथे ळ बसला आहे ल च्या लगेच मागे, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. ॲ ची गत तर याहून वाईट. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, तेव्हा त्याला मिळालेली जागा देवनागरी अंकांच्याही पुढची. त्यामुळे देणगीदारांच्या यादीत 'ॲड.' लावलेली सगळी नावं ह च्या खाली जाऊन बसली. यात जावाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण मराठी माणसाने ही यादी न तपासता छापू नये.

उपाय जावातच आहे: रूल बेस्ड कोलेटर, आपण दिलेल्या नियमांनी अक्षरांचा क्रम ठरवणारा. त्याला अ पासून ज्ञ पर्यंतचा क्रम, मात्रांसकट, मी हाताने लिहून दिला. ळ ह च्या मागे, ॲ स्वरांमध्ये. कोलेटर सरळ कंपॅरेटर (दोन नोंदींत आधी कोण ते सांगणारा) म्हणून सॉर्टला देता येतो. तो साध्या तुलनेपेक्षा हळू आहे, म्हणून प्रत्येक नावाची कोलेशन की (त्या क्रमाने थेट ताडता येणारं रूप) एकदाच काढून ठेवते. शंभर नावं बाईंसोबत रजिस्टरशी ताडून पाहिली, तेव्हा कुठे समाधान झालं.

दुसरा धडा थकबाकीच्या यादीने दिला आणि चूक सर्वस्वी माझी. आजीव सभासदांना वर्गणी नसते, ते सर्वात वर यावेत म्हणून त्यांच्या रकान्यात मी इंटिजरची (जावातल्या पूर्णांकाची) सर्वात लहान किंमत टाकली, उणे 214 कोटींच्या घरातली. आगाऊ भरणाऱ्यांची रक्कम उणे, बाकीच्यांची अधिक. कंपॅरेटरमध्ये सरळ वजाबाकी: उत्तर उणे आलं तर पहिला आधी, अधिक आलं तर दुसरा. तीनशेतून ती लहान किंमत वजा केली की उत्तर इंटिजरमध्ये मावत नाही आणि चिन्ह उलटतं. मग आजीव आगाऊवाल्यांच्या आधी, आगाऊवाले थकबाकीदारांच्या आधी, आणि थकबाकीदार पुन्हा आजीवांच्या आधी! वीस नावांवर चाचणी व्यवस्थित पार पडली, पूर्ण यादीवर मात्र इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन ही त्रुटी: तुलनेने आपला करार मोडला आहे. कारण 32 पेक्षा कमी नावं असतील तर टिमसॉर्ट तुकडे जोडतच नाही, आणि ही विसंगती त्याला सापडते ती जोडतानाच. सापडेलच याचीही खात्री नसते, हे जास्त घातक. वजाबाकी काढून इंटिजर.कंपेअर लिहिलं, एका ओळीत प्रश्न मिटला. कंपॅरेटरची चाचणी घ्यायची तर खऱ्या यादीवरच घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

नाव मुळीच नसलेल्या (नल) नोंदी शेवटी ठेवायला नल्स लास्ट आहे, ते लावून टाका.

खटकतं ते एकच. इंटच्या, म्हणजे नुसत्या पूर्णांकांच्या, ॲरेला कंपॅरेटर देता येत नाही. सर्वात मोठी थकबाकी वर हवी असेल तर इंटिजर ऑब्जेक्टचा ॲरे करा, नाहीतर चढत्या क्रमाने लावून शेवटाकडून वाचा. मी शेवटाकडून वाचते. पाचपैकी माझे चार गुण, एक यासाठी कापला.