वसमत रोडची खानावळ: दूध-तूप सोडल्यानंतरचा रोजचा डबा

परभणी डेपोला मी वाहक आहे. ड्युटी कधी पहाटेची, कधी दुपारची, कधी मुक्कामी. दीड वर्षापूर्वी मी दूध, दही, ताक, तूप, खवा, पनीर आणि मध हे सगळं सोडलं. मांस-अंडी आमच्या घरात आधीपासूनच नव्हती. आता याला वीगन म्हणतात. तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो, "मग खाता तरी काय?"

माझं खाणं बहुतेक करून वसमत रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका खानावळीतून येतं. पत्र्याचं शेड, सहा टेबलं, बाहेर पाटीसुद्धा नाही. कॉलेजची आणि क्लासची पोरं तिला काकूंची मेस म्हणतात. दीड वर्ष दोन्ही वेळचा डबा मी तिथूनच घेते, म्हणून खात्रीनं लिहिते आहे. ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

सोडलं का, ते थोडक्यात सांगते. माझं माहेर औसा तालुक्यातलं. घरी दोन म्हशी. म्हैस व्याली आणि वगार, म्हणजे मादी झाली की घरात आनंद. नर रेडकू झालं की त्याला सडाला लावायचं ते पान्हवण्यापुरतं, मग ओढून बाजूला बांधायचं. ते दाव्याला ताण देऊन ओरडत राहायचं आणि महिना-दोन महिन्यांत मरायचं. लहानपणी अशी चार मी पाहिली. त्याच दुधाच्या पैशातून माझी वह्या-पुस्तकं आली, त्यामुळे आई-वडिलांना मी दोष देत नाही. पण दीड वर्षापूर्वी माहेरी गेले तर भावाच्या गोठ्यात पुन्हा तेच. रेडकू खुंट्याला, तोंडाला मुसकं. वहिनीनं हातात चहा दिला. तो मला घोटभरसुद्धा गेला नाही.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी ड्युटीवर सुरू झाली. बसस्टँडच्या आसपास जेवायचं म्हणजे "शुद्ध शाकाहारी" पाटी बघून बसायचं, आणि त्या पाटीत दूध-तूप बसतंच. दाल तडक्यावर बटर, चपातीच्या कणकेत दूध, भज्यांबरोबर कढी. एका ठिकाणी वरणावर तूप नको म्हटलं तर वाढणाऱ्या मुलानं वर तरंगणारं तूप चमच्यानं काढून वाटी पुन्हा माझ्यापुढे ठेवली. त्याचा काही दोष नव्हता, माझं म्हणणं त्याला समजलंच नव्हतं. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपकाही कामाचा नाही, कारण दुधाची पावडर असली तरी तो ठिपका असतोच. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळी खूण आणली, पण ती खूण असलेला पुडा आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात मी अजून पाहिलेला नाही. पहिले तीन आठवडे मी केळी, शेंगदाणे, चुरमुरे आणि कोरा चहा यावर काढले. चार किलो वजन उतरलं आणि संध्याकाळच्या फेरीला तिकिटं फाडताना हात थरथरायला लागला.

काकूंकडे मला डेपोतल्या एका मैत्रिणीनं नेलं. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "त्यात काय अवघड हाय? तुमच्यासाठी तूप घालत न्हाई, झालं." आठ दिवस व्यवस्थित गेले. नवव्या दिवशी जिंतूरच्या गाडीत डबा उघडला आणि वरणाला तुपाचा वास आला. संध्याकाळी डबा तसाच परत नेला. काकूंना वाईट वाटलं. "वाढताना हाताला सवय झाली हो ताई. चमचाभर बी चालत न्हाई का? डॉक्टरनं बंद केलंय काय?" मग मी त्यांना रेडकाचं सांगितलं. त्या बराच वेळ तव्यावरची भाकरी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या दावणीला बी तेच व्हायचं." दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याच्या कडीला निळी नाडी बांधलेली असते. ती दिसली की वाढणारी मुलगी तुपाच्या भांड्याला हातच लावत नाही. त्यानंतर आजपर्यंत एकदाही चूक झालेली नाही. पन्नास-साठ डबे भरणाऱ्या जागेसाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता जेवणाचं. मला वाटलं होतं की माझ्यासाठी वेगळी भाजी करावी लागेल, जास्तीचे पैसे पडतील. तसं काहीच झालं नाही. काकूंनाच एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बहात्तरला मी सात-आठ वर्षांची. दुष्काळात घरी जनावरच उरलं न्हवतं. दूध कुठून आणायचं? आई अंबाडी, कण्या आन् येसरावर घर चालवायची." काकूंचा हात त्या स्वयंपाकावर बसलेला आहे, आणि त्यात दूध-तूप मुळातच नाही. मी शहरात येऊन विसरले होते तेवढंच.

अंबाडीची भाजी हा इथला सगळ्यात चांगला पदार्थ. पाला उकडून त्याचं आंबट पाणी थोडं काढून टाकतात, सगळं नाही. सगळं काढलं तर भाजीत काही राहत नाही. त्यात शिजलेली तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटतात. मग वरून ठेचलेला लसूण करडईच्या तेलात तांबूस करून, सुक्या मिरच्यांसकट ओततात. ही फोडणी त्या वाढायच्या वेळीच करतात आणि डब्यात बाजूला छोट्या वाटीत देतात. भाकरीवर भाजी घ्यायची, मधे बोटानं खळगा करायचा, त्यात ते लसणाचं तेल सोडायचं. मी हे गंगाखेडच्या स्टँडवर, गाडीच्या मागच्या सीटवर बसून खाते, आणि तुपाची आठवण येत नाही. करडईचं तेल महाग आहे. पीकही आमच्याकडे कमी झालं, काट्यांमुळे काढणीला माणूस मिळत नाही. त्यामुळे काकू ते फक्त वरच्या फोडणीला आणि चटणीला वापरतात, रोजच्या भाज्या सोयाबीनच्या तेलात होतात. हे त्यांनी न विचारता सांगितलं, ते मला आवडलं.

येसर आमटी आठवड्यातून दोनदा. डाळ, गहू, धने आणि मसाले भाजून दळलेलं येसर घरचं असतं. भाजी मिळाली नाही त्या दिवशीही ही आमटी होते, आणि भाकरी कुस्करून खाल्ली की चार तास भूक लागत नाही. शिवाय चटण्या: जवस, कारळ, शेंगदाणा, तीळ. जवसाची खलबत्त्यात कुटलेली असते, मिक्सरची नाही. फरक जिभेला लगेच कळतो.

पहाटेची ड्युटी असली की खानावळ उघडायच्या आतच मला निघावं लागतं. त्या दिवसांसाठी रात्रीच धपाटे मिळतात. धपाट्याचं पीठ सगळीकडे दही किंवा ताक घालून मळतात. काकू माझ्यासाठी काकडी किसून तिच्याच पाण्यात मळतात, आंबटपणाला थोडा चिंचेचा कोळ. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि कणीक, कोथिंबीर, लसूण, तीळ, ओवा. ओल्या फडक्यावर थापून मधे बोटानं भोक. मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत टिकतात. दह्यातले आंबून जायचे, हे मी आधी अनुभवलेलं आहे.

दह्याची कमतरता मात्र मला खरंच जाणवायची. आम्ही ताकावर वाढलेली माणसं. बाजारात बदामाच्या दुधाचा खोका मिळतो, पण तो महाग पडतो. म्हणून शेंगदाण्याचं दही करायचं ठरलं, आणि काकूंनी ते मनावर घेतलं. शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढायची, पाणी घालून बारीक वाटायचं, फडक्यातून गाळायचं आणि ते दूध ढवळत उकळायचं, नाहीतर तळाला धरतं. कोमट झालं की विरजण. पहिल्या वेळी काकूंनी सवयीनं चमचाभर नेहमीचंच दही घातलं. मला सांगितलं तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं, आणि ते भांडं त्यांनी पोरांच्या कढीत वापरलं. दुसऱ्या वेळी हिरव्या मिरचीचे आठ-दहा देठ टाकून झाकून ठेवलं. सकाळी वर घट्ट थर, खाली पाणी, आणि स्वच्छ आंबट वास. आता आदल्या दह्याचंच विरजण लावतात, देठ लागत नाहीत. नुसतं खायला याला शेंगदाण्याची चव लागते, ते मान्य करायला हवं. पण बेसन लावून कढी केली तर ती मला दुधाच्या दह्याच्या कढीइतकीच चांगली वाटते. फक्त जास्त उकळू द्यायची नाही, फुटते.

या दह्यावरच मागच्या मार्गशीर्षात वेळ अमावस्येची आंबील झाली. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेळ अमावस्येचं काय असतं ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: हा शेतात जाऊन करायचा सण. शेतात कडब्याची कोप, जेवायला भज्जी, उंडे आणि मडक्यातली थंड आंबील. आंबिलीत ताक असतं, त्यामुळे मी त्या वर्षी माहेरी न जायचं ठरवलं होतं. काकूंनी दोन लिटर दही लावून दिलं. ते घुसळून, ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण-आलं घालून मी आंबील केली आणि बरणीत भरून माहेरी नेली. वडिलांनी दोन पेले घेतले. मी आधीच सांगितलं होतं कशाची आहे ते. तिसरा मागितला तेव्हा मी कोपीच्या मागे जाऊन रडले.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. बटाटा फार. आठवड्यात तीन दिवस तरी बटाटा असतो, आणि दोन्ही वेळेला आला की कंटाळा येतो. पोरांना आवडतो म्हणून करतात, पण नोकरी करणारी मोठी माणसंही तिथं जेवतात. सुक्या भाजीत तेल जास्त असतं, सांगितलं की दोन दिवस कमी होतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. रविवारी रात्री बंद, आणि काकू गावाकडे गेल्या की चार-चार दिवस बंद, तेही आदल्या दिवशी कळतं. माझ्यासारख्या माणसाला पर्याय नसतो, आठ दिवस आधी कळायला हवं. उन्हाळ्यात शेंगदाण्याचं दही दुपारपर्यंत भलतंच आंबट होतं, तेव्हा ते डब्यात घेऊच नका.

एक गोष्ट कुठल्याच खानावळीतून मिळणार नाही: बी-१२ जीवनसत्त्व. वनस्पतीच्या अन्नातून त्याचा भरवसा धरता येत नाही. दूध सोडल्यापासून आठव्या महिन्यात माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, रक्त तपासलं तर बी-१२ खूप कमी. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, आता गोळी चालू आहे. गोळीच मागा, कारण कॅप्सूलचं वेष्टण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं. हिमोग्लोबिन मात्र आधीपेक्षा सुधारलं. काकूंच्या दिरांनी 'परभणी शक्ती' ज्वारी पेरलेली आहे. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेबरोबर काढलेलं हे वाण २०१८ मध्ये आलं, त्यात लोह आणि जस्त जास्त असतं. सुधारणा त्या भाकरीमुळे, अंबाडीमुळे की वेळेवर जेवल्यामुळे, हे मला ठरवता येणार नाही. पण आता हात थरथरत नाही.

दसऱ्याला काकूंनी केलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, सांगायची राहिली. माझी मावशी बिदरकडे दिलेली आहे. उत्तर कर्नाटकात गव्हाच्या हुग्गीत करडईचं दूध घालतात, हे मी काकूंना बोलता बोलता सांगितलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं. करडई भिजवून, वाटून, दोनदा गाळून पांढरंशुभ्र दूध काढलं, कांडलेला गहू आणि गूळ शिजवून त्यात सोडलं. पहिल्या घासाला किंचित कडवट लागली, मग गुळाची चव पुढे आली. त्या दिवशी ती सगळ्यांना वाढली, निळ्या नाडीच्या डब्याला आणि बाकीच्यांनाही.

दोन वेळचा डबा महिन्याला २,८०० रुपये. शेंगदाण्याच्या दह्याचे वेगळे पैसे, आठवड्यातून दोनदा घेतलं तर महिन्याला २०० पडतात. नवीन जाणाऱ्यानं "तूप नको" एवढ्यावर थांबू नये. कणकेत दूध नको, ताकाचा चमचा वरणात नको, हेही पहिल्याच दिवशी सांगावं. दही हवं असेल तर आदल्या दिवशी सकाळी दहाच्या आत सांगायचं आणि काचेची बरणी आपली न्यायची.