‘८०० मीटर अंतरावर’ राहणाऱ्या शेजाऱ्याने मला ३२,२४९ रुपयांना गंडवलं

रक्कम आधीच सांगतो, म्हणजे कोणी विचारायला नको. २,००० + ३,२५० + १३,५०० + १३,४९९. एकूण ३२,२४९ रुपये. कशासाठी? एक जुना फ्रिज आणि एक जुनं वॉशिंग मशीन. दोन्ही आलेली नाहीत, येणारही नाहीत.

“फौजी आहे, बदली झाली, सामान विकायचंय” एवढं वाचूनच काही जण हसतील. खुशाल हसा. जवान असल्याची बतावणी करून पैसे उकळायचा हा प्रकार मलाही पाठ होता. जुन्या वस्तूंच्या साइटवर बदली झालेला जवान दिसला की मी अंगठ्याने वर सरकवून पुढे जातो. ऑफिसमधल्या एकाला तर मीच यातून बाहेर काढलं होतं. पण मला हा माणूस साइटवर भेटला नाही. तो शेजारी म्हणून भेटला. नावाखाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: ८०० मीटर अंतरावर.

कोल्हापूरहून बदली होऊन आम्ही पुण्यात फातिमानगरला आलो. ओळखीचं कुणी नाही. कामवाल्या मावशी, मुलीचा क्लास, गॅसवाला, विचारायचं कुणाला? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाडेकरूंना घेत नाहीत (त्यावर वेगळं लिहायचंय मला). म्हणून आसपासचे लोक दाखवणारं हे अ‍ॅप घेतलं. नाव लिहीत नाही, वकील मित्राने तसं बजावलंय. असली अ‍ॅप सगळी एकाच वळणाची असतात, ओळखाल तुम्ही.

सुरुवातीलाच लोकेशन मागतं. ‘अचूक’ की ‘अंदाजे’ असे दोन पर्याय येतात आणि ‘अचूक’वर आधीच खूण असते. अंदाजे करा. गल्लीतला क्लास शोधायला तुमच्या खिडकीपर्यंतचा पत्ता लागत नाही. मग सोसायटीचं नाव, मग मजला. शेवटी तयार मजकूर येतो: “नमस्कार, मी अमुक सोसायटीत नुकताच राहायला आलोय, मला अमुक हवंय.” रिकाम्या जागा भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मी भरल्या. फ्रिज, वॉशिंग मशीन. आता सगळे म्हणतात, एवढी माहिती दिलीच कशाला? अहो, अ‍ॅपनेच मागितली! घर लावणाऱ्या माणसाने फॉर्म भरला तर त्यात त्याचा काय गुन्हा?

त्याच संध्याकाळी मेसेज. “नमस्कार दादा. वानवडीला क्वार्टर्समध्ये आहे. जोधपूरला बदली झाली, वीस तारखेच्या आत सामान काढायचंय.” ज्यांना फातिमानगर-वानवडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे खरोखरच लष्कराचा मुलूख आहे. एएफएमसी (लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय) इथेच, कमांड हॉस्पिटल इथेच, सकाळी दूध आणायला जावं तर निम्मे लोक त्या केशरचनेचे. इथे शेजारी फौजी निघाला तर संशय यायला हवा होता, असं म्हणणाऱ्याने एकदा इथे राहून दाखवावं.

मी लगेच म्हणालो, येतो बघायला, दहा मिनिटांचं अंतर आहे. तर म्हणे, “दादा, सिव्हिलियनला आत सोडत नाहीत, पास लागतो.” हेही खरंच आहे, नाही सोडत. फोटो आले, ओळखपत्र आलं, कँटीन कार्ड आलं. दोन्हींचे मिळून १५,५००. टोकन २,००० पाठवले.

ते ‘८०० मीटर’ कुठून येतं, हे मला नंतर ऑफिसमधल्या पोराने दाखवलं. फोन जे सांगतो तेच अ‍ॅप मानतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये खोटं लोकेशन पुरवणारं अ‍ॅप निवडायची सोय आहे, अधिकृत, अ‍ॅप तपासणाऱ्यांसाठी ठेवलेली. माझ्यासमोर त्याने हिंजवडीत बसून स्वतःला महाबळेश्वरला नेलं. मिनिटही लागलं नाही. काही अ‍ॅप हे पकडतात, काहींना पडलेली नसते. म्हणजे त्या हिरव्या अक्षरांचा अर्थ एवढाच की हा माणूस स्वतःला इथला म्हणवतो. टेलिग्रामवर ‘जवळपासचे लोक’ अशीच सोय होती. बॉट आणि भामट्यांनी ती भरली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी ती काढूनच टाकली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे आवरेना, ते आमचं हे अ‍ॅप ‘तुमचा विश्वासू शेजार’ म्हणून विकतंय.

आता ते साताऱ्याचं. हे आठवलं की अजून रात्री झोप उडते.

टोकन दिल्यावर रविवारी साताऱ्याला आई-वडिलांकडे गेलो होतो. परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर बसलो आणि अ‍ॅप उघडलं. लोकेशन बदललं, तसे शेजारीही बदलले. दुसऱ्याच नावाचा कोणी शिक्षक, १.२ किलोमीटरवर, बदलीमुळे फ्रिज विकतोय. फोटो मोठा करून बघितला. करडा फ्रिज, दारावर कलिंगडाच्या फोडीचं चुंबक, त्याखाली दुमडलेलं लाइटबिल. चुंबकाचा डावा कोपरा उडालेला. माझ्या फौजीच्या फ्रिजवरही कलिंगडाची फोड, डावा कोपरा उडालेला, खाली दुमडलेलं बिल. मी बघितलं, आणि डोक्यात काय आलं? “अरे, सेम चुंबक! जत्रेत मिळतात ही.” तेवढ्यात स्वारगेट गाडी लागली आणि जागा पकडायला मी धावलो. ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायला किती वेळ लागला असता? पण संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर, हातात आईने दिलेली लोणच्याची बरणी, सोबत पेंगुळलेलं पोर, अशा वेळी कोणाला चुंबकांचा तपास सुचतो? तोवर गेलेले फक्त २,००० होते.

सोमवारी गाडी भाड्याचे ३,२५०, ‘डिलिव्हरी झाली की परत’. मग टेम्पोत चढवलेल्या फ्रिजचा फोटो आणि उरलेले १३,५००. मग फोन: “दादा, बिल १३,४९९ चं आहे. एक रुपया जास्त आल्याने एंट्री अडकली. १३,४९९ परत टाका, आधीचे आपोआप वळते होतात. गाडी गेटवर उभी आहे.” मी मीटिंगमध्ये, बायको घरी दार उघडं ठेवून बसलेली, आधीचे १८,७५० अडकलेले. अशा वेळी माणूस आधीचे सोडवायला जातो. टाकले. पुढची मागणी आली २६,९९९ ची, तेव्हा मीटिंग सोडून उठलो. ‘एक रुपया कमी-जास्त झाला, परत पाठवा’ हे शब्द कानावर आले की तिथेच फोन ठेवा. कुठल्याही यूपीआयमध्ये असं काही नसतं.

गाडी काढून थेट वानवडीच्या क्वार्टर्सच्या गेटवर गेलो. पहाऱ्यावरच्या जवानाने नाव ऐकून घेतलं, चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाला, “सर, इस महीने आप पहले नहीं हैं।”

मग सुरू झाली सरकारी वारी. १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावला. ‘सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत.’ पहिल्या तासाभरात कळवा, पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येतात, असं हीच मंडळी जाहिरातीत सांगतात, आणि तो तास मी त्यांचीच धून ऐकत काढला. फोन लागला तेव्हा व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर नंबर एकेक करून मागितले. ते आधीच कागदावर उतरवून ठेवा. फोन कानाला लावून यूपीआय अ‍ॅपमध्ये शोधताना लाइन कटते, माझी कटली. सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर हकिकत लिहिली तर ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’. रकमेतला स्वल्पविराम हे विशेष चिन्ह!

पोलीस स्टेशनला पहिला प्रश्न: “ओटीपी दिला का?” नाही. “मग फसवणूक कसली, तुम्हीच तर पाठवले.” दुसरा: “बँकेची शाखा कुठली?” कोल्हापूर. “मग तिकडे द्या.” मी फोनवर काढून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वाचून दाखवलं. १ जुलै २०२४ पासून गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. “साहेब, कायदा आम्हाला नका शिकवू.” मग उलट त्यांनीच मला शिकवला: आयटी अ‍ॅक्टचा तपास पीआय (पोलीस निरीक्षक) दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, आणि पीआय साहेब बंदोबस्ताला. हे मात्र खरं निघालं, कलम ७८. म्हणजे रोज हजारोंना लुटणाऱ्या टोळ्या, आणि तपासाला प्रत्येक ठाण्यात जेमतेम दोन-तीन साहेब, तेही बंदोबस्तात. शेवटी अर्जावर शिक्का मारून दिला. एफआयआर नव्हे, अर्ज! फरक समजून घ्या आणि एफआयआर नंबर मिळाल्याशिवाय उठू नका. मी उठलो, कारण मुलीला शाळेतून आणायचं होतं.

बँकेचं उत्तर तर छापीलच: पिन तुम्ही टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ते म्हणे तिऱ्हाइताने परस्पर पैसे काढले तर लागू. स्वतः पाठवलेल्याला नाही. ठीक. पण पैसे ज्या खात्यात गेले तेही एका बँकेचंच खातं होतं ना? त्याचं केवायसी कुणी केलं? मला नवीन चेकबुकसाठी दोनदा सही जुळत नाही म्हणून परत पाठवणारी हीच जमात. या प्रश्नावर मॅडमनी पुढचा टोकन नंबर पुकारला.

आणि ते अ‍ॅप. तक्रार करताच त्या माणसाचं खातं उडवलं. छान वाटलं ना? मलाही वाटलं, मिनिटभर. खात्याबरोबर आमचं सगळं संभाषण, फोटो, ओळखपत्र, सगळं गायब. पोलीस पुरावा मागतायत आणि माझ्याकडे उरलेत बायकोला पाठवलेले दोन स्क्रीनशॉट. आधी प्रोफाइलपासून शेवटच्या मेसेजपर्यंत सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, नंतरच ‘रिपोर्ट’चं बटण दाबा. ईमेलला उत्तर आलं की आम्ही सदस्यांमधल्या व्यवहारांत पडत नाही, आणि खाली, “तुमच्या परिसरात ६ नवीन शेजारी आले आहेत.”

सध्याची स्थिती: समोरच्या खात्यात १,११८ रुपये गोठवलेत, बाकी पुढे गेले. ते सोडवायला कोर्टात अर्ज करा, असं मला सांगितलंय. वकील ३,००० मागतोय. अर्ज मीच लिहितोय.