ल्युसिड ड्रीम शिकायचंय? दिवसभर चेक करायचं, पहाटे उठायचं की थेट जागेपणीच स्वप्नात शिरायचं

2019 च्या पुरानंतर मला एकच स्वप्न पडायचं. सांगलीत गावभागातल्या आमच्या घरात जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलंय आणि आई खाली स्वयंपाकघरात काहीतरी शोधतीये. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती त्या ऑगस्टमध्ये, त्यामुळं हे स्वप्न का पडतंय ते कळत होतं, पण थांबत नव्हतं. म्हणून स्वप्न चालू असतानाच ‘अरे हे स्वप्न आहे’ हे कळायला शिकायचं ठरवलं, त्यालाच ल्युसिड ड्रीम म्हणतात.

हे खरंच होतं का असं घरचेसुद्धा विचारतात. तर 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाला झोपवून मशीन लावलं, आणि त्यानं स्वप्नातनं ठरल्याप्रमाणं डोळे डावीकडं-उजवीकडं हलवून खूण केली. स्वप्नांच्या झोपेत शरीर लुळं पडलेलं असतं पण डोळे हलतात, म्हणून ते जमलं.

आता पद्धती. सगळ्यात सोपी रिॲलिटी चेक. दिवसातनं आठ-दहा वेळा नाक चिमटीत धरायचं आणि श्वास घेऊन बघायचा, स्वप्नात असाल तर नाक बंद असूनही श्वास जातो. खर्च शून्य, झोपमोड शून्य. पण नुसतं एवढ्यावर मला दोन महिन्यांत काहीच मिळालं नाही, बस स्टँडवर नाक धरून उभं राहायची सवय तेवढी लागली.

दुसरी माइल्ड (MILD, इंग्रजी नावाची आद्याक्षरं), स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वप्नांवर संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांची. झोपल्यावर पाचेक तासांनी अलार्म लावून उठायचं, आत्ताच पडलेलं स्वप्न आठवायचं, आणि ‘पुढच्या वेळी स्वप्न पडलं की ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असं मनापासून घोकत परत झोपायचं. पहाटेच का, तर स्वप्नांची झोप साधारण दीड-दीड तासानं येते आणि सकाळकडं लांबत जाते. 2017 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात चेक, पहाटे उठणं आणि माइल्ड तिन्ही एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरातल्या 17 टक्के रात्री यश मिळालं, पण घोकून झाल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली त्यांचं जवळजवळ 46 टक्के! म्हणजे उठल्यावर मोबाईल बघितला की संपलं. माझं ह्यानंच जमलं, तिसऱ्या आठवड्यात. तीच पायरी, तेच गढूळ पाणी, मी नाक धरलं आणि श्वास सरळ आत गेला. आईला म्हटलं वर चल, ती पदराला हात पुसत आली वर, आणि मी जागा झालो. ते स्वप्न नंतर पडलं, पण अंगावर काटा नाही आला.

तिसरी वाइल्ड (WILD), म्हणजे शुद्ध न घालवता जागेपणातनं थेट स्वप्नात जायचं. ऐकायला भारी, पण ह्यात शरीर आधी झोपतं आणि मन जागं राहतं, मग हलता येत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. आजी ह्याला भूत बसलं म्हणायची. ती स्लीप पॅरालिसिस असते, जीवाला धोका नसतो, पण आधीच वाईट स्वप्नांनी घाबरलेल्या माणसानं हिच्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासनं वाटतं.

कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करणारे किंवा ज्यांना मुळातच झोप कमी आहे त्यांनी पहाटेचा अलार्म नकोच, नुसती स्वप्नं लिहायची डायरी आणि चेक. गॅलँटामाइनच्या गोळीनं पटकन होतं असं कोणी सांगेल, ते स्मृतिभ्रंशाचं औषध आहे, डॉक्टरला न विचारता घेऊ नका.

बाकी सगळ्यांनी माइल्डच घ्यावी, फक्त शनिवारी रात्री, अकराला झोपून पहाटे चारचा अलार्म. आणि त्याआधी दोन आठवडे उशाला वही ठेवा, उठल्या उठल्या पाय खाली टाकायच्या आत स्वप्न लिहा, कारण आठवतच नसेल तर ल्युसिड झालं तरी कळणार नाही.