जास्परच्या कवचात झेफिर: जुना एक्सबॉक्स ३६० घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीतल्या दुकानातून मी जुना एक्सबॉक्स ३६०, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा मायक्रोसॉफ्टचा कन्सोल, घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'जास्पर बोर्ड, नेव्हर ओपन्ड, एचडीएमआय, दोन कंट्रोलर.' बोर्ड म्हणजे मशीनच्या आतली मुख्य सर्किटची पाटी, आणि जास्पर हे तिच्या एका भरवशाच्या पिढीचं नाव. किंमत साडेसात हजार. प्रत्यक्षात मिळाला तो एक मेलेला बोर्ड, गरम करून उठवलेला आणि दुसऱ्याच मशीनचं कवच चढवलेला. ही फसवणूक इतकी पद्धतशीर आहे की दुकानाला शिव्या घालून भागणार नाही. ती कशी केली जाते ते नीट सांगायला हवं, कारण सध्या या जुन्या मशीनना पुन्हा गिऱ्हाईक आलं आहे. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०२४ ला ३६० चं ऑनलाइन दुकान बंद केलं. तेव्हापासून या मशीनवर नवा गेम हवा असेल तर डिस्क शोधायची, आणि ज्या डिस्क नव्या एक्सबॉक्सवर चालत नाहीत त्यांच्यासाठी जुनं मशीन शोधायचं. माझंही तेच चाललं होतं.

ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ३६० अमेरिकेत २२ नोव्हेंबर २००५ ला आला. सोनीच्या प्लेस्टेशन ३ ला मागे टाकायच्या घाईत तो वर्षभर आधी बाजारात उतरवला गेला. काही महिन्यांतच मशीन पटापट मरू लागली. पॉवरच्या बटणाभोवती हिरव्या दिव्यांचं कडं असतं, त्याचे चारपैकी तीन भाग लाल लुकलुकायला लागले की समजायचं, संपलं. जगभरच्या गेमरांनी त्याला 'रेड रिंग ऑफ डेथ' असं नाव दिलं. कंपनी बराच काळ हे गांभीर्याने घेत नव्हती. शेवटी जुलै २००७ मध्ये तिने या एका दोषासाठी खरेदीपासून तीन वर्षांची वॉरंटी जाहीर केली, आधी विकलेल्या मशीनसकट, आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. २००९ मध्ये स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपल्याकडच्या १६,००० हून जास्त कन्सोलचे आकडे छापले. पहिल्या दोन वर्षांत बिघडलेल्यांचं प्रमाण ३६० चं २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ चं १० टक्के आणि निन्टेन्डो वी चं २.७ टक्के होतं.

म्हणजे मशीन मुळात नाजूक होतं, हे जगजाहीर आहे. मला माहीत होतं, दुकानदारालाही माहीत होतं. जाहिरातीत 'जास्पर' हा शब्द त्यासाठीच घातलेला होता.

३६० चे बोर्ड वेगवेगळ्या पिढ्यांचे आहेत आणि जुना माल घेणारे त्यांना नावाने ओळखतात. पहिला झेनॉन, त्याला एचडीएमआय नाही. मग २००७ चा झेफिर. त्याला एचडीएमआय आलं, पण आतल्या चिप जुन्याच, तशाच तापणाऱ्या. त्यानंतर फाल्कन, त्यात मुख्य प्रोसेसर लहान आणि थंड झाला. २००८ च्या अखेरीस जास्पर आला आणि त्यात ग्राफिक्सची चिपही सुधारली. जाड ३६० मध्ये भरवशाचा म्हणावा असा तो एकच. २०१० मध्ये सडपातळ मॉडेल आलं, त्याला लाल कडंच नाही. म्हणून जुन्या जाड मशीनमध्ये जास्परला चार पैसे जास्त मिळतात आणि झेफिरला कुणी विचारत नाही.

दुकानात पोचलो तेव्हा मशीन आधीपासूनच चालू होतं. टीव्हीवर फुटबॉलचा गेम पळत होता. वरून हात लावला तर चांगलं कोमट. "दादा, एक नंबर पीस आहे. स्क्रूपण हललेला नाही," दुकानदार म्हणाला. मागचं लेबल त्याने स्वतःच फिरवून दाखवलं. तिथे १२ व्होल्टच्या पुढे १२.१ अँपिअर छापलेलं होतं, जी जास्परची खूण. झेनॉन आणि झेफिरवर १६.५ असतं, फाल्कनवर १४.२. लेबल खरं होतं, चिकटवलेलंही नव्हतं. कवच खरंच जास्परचं होतं.

सोबत दिलेला पॉवर ब्रिक, म्हणजे विजेचा जाडजूड अडॅप्टर, मात्र २०३ वॉटचा निघाला. जास्परसोबत १५० वॉटचा येतो. विचारलं तर म्हणाला, "मोठा दिलाय दादा, लोड येणार नाही." उत्तर पटण्यासारखं होतं, कारण मोठा ब्रिक कमी वीज लागणाऱ्या मशीनला खरोखर बसतो आणि चालतोही. उलटं होत नाही. १५० वॉटच्या ब्रिकची पिन झेफिरच्या सॉकेटमध्ये बसतच नाही, कंपनीने प्लास्टिकच्या खाचा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. त्याला १५० चा देताच आला नसता.

घरी मशीन काही आठवडे चाललं. मग एकदा चित्रावर चौकटी उमटल्या, गेम गोठला. बंद करून चालू केलं तर ठीक. पुढच्या वेळी सकाळी, मशीन थंडगार असताना चालू केलं आणि तीन लाल दिवे लुकलुकले. या मशीनमध्ये एक सोय आहे. समोरचं कंट्रोलर जोडायचं छोटं बटण दाबून धरायचं आणि डिस्क बाहेर काढायचं बटण एकेकदा दाबत जायचं. प्रत्येक वेळी जितके दिवे लुकलुकतील तो एक अंक, चारही लुकलुकले तर शून्य. असे चार अंक मिळतात. माझ्याकडे आले ०, १, ०, २. जुन्या दुरुस्तीवाल्यांना हा आकडा तोंडपाठ असतो. त्याचं बोट बहुतेक वेळा ग्राफिक्सच्या चिपकडे असतं.

ठाण्यात मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे गेलो. समोरची पांढरी पट्टी ओढून काढली की तिच्यामागे कंपनीचं चंदेरी सील असतं. सील होतं, पण कडेने उचलून परत बसवलेलं. खाली ते उचलल्याची खूण स्पष्ट दिसत होती. आत तर सगळा इतिहास लिहून ठेवला होता. बोर्ड झेफिर. चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक धरून ठेवणाऱ्या मूळच्या इंग्रजी एक्सच्या आकाराच्या क्लॅम्पा गायब, त्यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट आणि वॉशर. ग्राफिक्सच्या चिपभोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर करताना लावतात त्या रसायनाचा, पिवळट चिकट थर, शेजारच्या एका प्लास्टिकच्या सॉकेटची कड वितळून गोल झालेली. वर ताजी थर्मल पेस्ट, भरपूर. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हीट गन मारलीये. विकण्यापुरती."

'विकण्यापुरती' म्हणजे काय, ते कळायला मूळ बिघाड कळायला हवा. आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं की मशीन तापतं आणि बोर्डावरचं सोल्डर, म्हणजे भाग जोडणारा वितळवलेला धातू, सुटतं. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या इतिहासावर स्वतःच माहितीपट काढला. त्यात त्यांच्या अभियंत्यांनी सांगितलं की जोडण्या तुटत होत्या त्या भागांच्या आत, आणि तुटत होत्या त्या तापणं-निवणं या चढउतारामुळे. चिप म्हणजे बाहेरून एक हिरवी चकती आणि तिच्यावर बसवलेला सिलिकॉनचा तुकडा. त्या दोघांमध्ये सोल्डरचे अतिसूक्ष्म ठिपके असतात. मशीन चालू केलं की सगळं प्रसरण पावतं, बंद केलं की आकसतं, आणि प्रत्येक थर वेगळ्या मापाने. वारंवार असं झालं की ठिपक्यांना तडे जातात. हीट गनने तापवलं की तडे गेलेल्या कडा पुन्हा एकमेकींना टेकतात, वीज वाहते, मशीन उठतं. तडा मात्र तिथेच राहतो. चिप काढून तिच्याखालचे गोळे नवे बसवणं, ज्याला रिबॉल म्हणतात, तेही बहुतेकदा इथवर पोचत नाही, कारण ते गोळे चकती आणि बोर्ड यांच्यामधले आणि तडे त्याच्या वरच्या थरात. मशीनला टॉवेलमध्ये गुंडाळून तापवायचा उपाय एके काळी फार गाजला होता. तोही याच कारणाने तात्पुरता चालायचा. कृपा करून घरी करू नका, आग लागू शकते.

हा बिघाड फसवणाऱ्याच्या सोयीचा आहे. टीव्हीचा पॅनल फुटला तर फुटलेला दिसतो. इथे मेलेलं मशीन दहा मिनिटांच्या गरम हवेने काही आठवडे जगवता येतं, आणि ते आठवडे दुकानाच्या 'टेस्टिंग वॉरंटी'पेक्षा थोडेच जास्त भरतात. माझी टेस्टिंग वॉरंटी पंधरा दिवसांची होती. मशीन मी पोचायच्या आधीच तापवून ठेवलं होतं त्याचंही कारण हेच. तडे गेलेली चिप दगा देते ती थंड असताना.

दुकानात परत गेलो तेव्हा दुकानदार अजिबात चिडला नाही. असली मंडळी चिडत नाहीत. "दादा, तुम्ही मशीन उघडलंत ना? मग आमचा विषय संपला." बोर्ड झेफिर आहे म्हटल्यावर म्हणाला, "तुम्ही बदललेला नसेल कशावरून?" मग त्याने पावतीवर बोट ठेवलं. पावतीवर लिहिलं होतं, 'गेमिंग ॲक्सेसरी, १ नग.' एक्सबॉक्स हा शब्द नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. शेवटी मोठं मन दाखवून दोन हजार परत द्यायला तयार झाला, मशीन ठेवून घेऊन. ते मशीन पुन्हा गरम होऊन कुणाच्या घरी जाणार, हे उघड होतं. मी नाही म्हटलं.

मशीन न उघडता पकड येऊ शकते, आणि ती जागा दुकानातच आहे. ३६० च्या सिस्टिम सेटिंगमध्ये सिस्टिमची माहिती देणारं पान असतं, त्यावर कन्सोलचा सिरियल नंबर दिसतो. तो बोर्डातल्या मेमरीतून येतो. मागच्या लेबलवरचा नंबर आणि हा नंबर एकच असला पाहिजे. माझ्या खरेदीच्या दिवशी काढलेल्या चालू मशीनच्या व्हिडिओत ते पान ओझरतं आलं आहे, मागच्या लेबलचा फोटो जाहिरातीतच होता, आणि दोन्ही नंबर वेगळे आहेत. 'तुम्हीच बोर्ड बदललात' याला आता एवढंच उत्तर पुरेल असं मला वाटतं. तुम्ही घ्याल तेव्हा दोन्हींचा फोटो पैसे देण्याआधी काढा. शिवाय मशीन पूर्ण थंड असताना चालू करून दाखवायला सांगा. आधीच चालू असेल तर बंद करायला लावा, चहा घेऊन या, मग पुन्हा चालू करायला सांगा. समोरची पट्टी काढून सील बघा, पट्टी नुसती ओढली की निघते. ब्रिक १५० वॉटचाच मागा. आणि 'चिप केलेलं आहे, सगळे गेम चालतात' असं कौतुकाने सांगितलं तर समजा, नकली डिस्क चालवण्यासाठी ते मशीन कुणीतरी उघडलेलं आहे. अशा लाखो मशीनना नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीने ऑनलाइन सेवेतून कायमचं बाहेर काढलं होतं.

'सीलपॅक नवीन ३६०' तर विसराच. उत्पादन २०१६ मध्ये थांबलं आहे, आणि जास्पर त्याच्याही खूप आधी. ग्राफिक्स कार्डांच्या बाजारातही गरम करून विकायचा हाच खेळ चालतो, त्यामुळे ज्यांना कन्सोलशी देणंघेणं नाही त्यांनीही थंड चालू करून बघण्याची सवय ठेवावी.

पावतीबद्दल दुकानाशी भांडण झालं तरी चालेल, पण मॉडेल, सिरियल नंबर आणि 'जुनं, न उघडलेलं' हे शब्द त्यावर लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा किंवा मॉडेल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फुकट तक्रार नोंदवता येते. दुकानाऐवजी एखाद्या खासगी माणसाकडून घेतलंत तर मात्र हा रस्ता अवघड होतो, कारण कायद्याला समोर व्यापारी लागतो.

माझी तक्रार हेल्पलाइनवर नोंदली आहे, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, तो व्हिडिओ आणि काकांनी काढलेले बोर्डाचे फोटो जोडून. दुकानाचं उत्तर अजून आलेलं नाही. तिथे काही झालं नाही तर जिल्हा आयोग. बोर्ड तोवर आहे तसाच ठेवला आहे, दुरुस्तीला हात लावलेला नाही. मशीन सुट्या भागांत विकून थोडे पैसे काढ, असं दोन मित्रांनी सुचवलं. तेही जमणार नाही. ३६० चा डीव्हीडी ड्राइव्ह त्याच्या बोर्डाशी एका गुप्त किल्लीने बांधलेला असतो. दुसऱ्या मशीनला तो तसाच लावला तर गेमच चालत नाही. विकण्यासारखे उरले ते दोन कंट्रोलर, आणि त्यातल्या एकाची बॅटरीची झाकणी दुकानातच राहिली आहे.