धायटी, मुरुडशेंग की आणखी काही? अंगणासाठी देशी फुलझुडपांची तुलना

घराभोवती थोडी जागा मोकळी आहे, तिथे टिकोमा किंवा बोगनवेल लावण्याऐवजी आपल्याच डोंगरउतारांवरची फुलझुडपे लावावीत असे मनात आहे, पण नेमके कोणते निवडावे हे ठरत नाही, अशा वाचकासाठी ही तुलना आहे. फुलांच्या रंगाकडे वळण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पावसाळा संपल्यावर त्या जागेला किती पाणी मिळणार आहे, ही पहिली. आणि बहर नसलेल्या महिन्यांत झुडूप कसे दिसलेले चालेल, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीचा विचार सहसा कोणी करत नाही आणि पुढची निराशा बहुधा तिथूनच सुरू होते.

देशावरच्या मुरमाड, भर उन्हाच्या जागेसाठी धायटी आणि मुरुडशेंग ही दोन झुडपे सर्वांत आधी विचारात घ्यावीत. दोन्ही पुरुषभर किंवा त्याहून थोडी उंच होतात, दोन्ही खडकाळ जमिनीत तग धरतात आणि दोन्हींच्या फुलांवर मध घेण्यासाठी शिंजीर पक्षी येतात. फरक आहे तो ऋतूचा. धायटी हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फुलते. त्या वेळी आसपासचा परिसर कोरडा पडलेला असतो आणि तिच्या कमानदार फांद्या मात्र नळीसारख्या लाल फुलांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडलेल्या असतात. आसवे आणि अरिष्टे, म्हणजे आंबवून केलेली पातळ औषधे, तयार करण्यासाठी आयुर्वेदात वापरली जातात ती हीच फुले. मुरुडशेंगेचा बहर मात्र पावसाळ्यात सुरू होतो. तिचे फूल उमलताना विटकरी लाल असते आणि जुने होत गेले की निळसर करडे पडते, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. पुढे धरणाऱ्या पिळदार शेंगा बाळगुटीमुळे अनेक घरांत ओळखीच्या आहेत.

एकाच झुडपापुरती जागा असेल तर माझा कौल धायटीला आहे. मुरुडशेंगेची फुले पानांआड विखुरलेली असतात, जवळ गेल्याशिवाय ती नीट दिसत नाहीत, आणि उन्हाळ्यात पाने गळाल्यावर तिच्या काठ्याच तेवढ्या उरतात. धायटीचीही पाने गळतात, परंतु त्या सुमारास तिच्यावर फुले असतात, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. छाटणीच्या बाबतीत मात्र धायटी चूक पोटात घालत नाही. दिवाळीच्या सुमारास बाग आवरताना तिच्या फांद्या छाटल्या, तर ज्या फांद्यांवर फुले यायची त्याच निघून जातात आणि त्या वर्षीचा बहर हुकतो. तिची छाटणी बहर ओसरल्यानंतर, पहिल्या पावसाआधी उरकावी.

कुंपणासाठी निर्गुडी आणि कोरांटी यांची तुलना करावी लागते. निर्गुडी फांदीपासून सहज लागते, झपाट्याने वाढते, शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि तिच्या फिकट जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्यांची सतत वर्दळ असते. मात्र तिला मोकळी जागा लागते. वर्षातून एकदोनदा कापली नाही तर ती पसरत जाते आणि खालून विरळ होते. पिवळ्या फुलांची कोरांटी जेमतेम कंबरेएवढी वाढते, पावसानंतर हिवाळाभर फुलते आणि लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्यांना खाद्य पुरवते. पानांच्या बेचक्यांत तिला तीक्ष्ण काटे असतात. कुंपणासाठी ते उपयोगाचेच आहेत, पण लहान मुले खेळतात त्या वाटेच्या कडेला ती लावू नये. अरुंद जागेत मी कोरांटीच सुचवेन.

अर्धसावलीची आणि ओलावा टिकून राहणारी जागा, म्हणजे कोकणातल्या घराची मागची बाजू किंवा विहिरीजवळचा कोपरा, भुतकेसाला मानवते. त्याचे खरे फूल लहान व नारिंगी असते. लांबून डोळ्यांत भरते ते फुलाच्या देठाशी पानासारखे वाढलेले पांढरे निदल, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचे दल. कमांडर फुलपाखरू या झुडपावर अंडी घालते. इथे खरेदी करताना सावध राहावे लागते, कारण रोपवाटिकेत भुतकेसासाठी मुसांडा या नावाने रोप मागितले की बहुधा गुलाबी, भरगच्च गुच्छांचे झुडूप हाती येते. त्यांतल्या प्रसिद्ध जाती फिलिपिन्समध्ये संकरातून तयार झालेल्या आहेत. दिसायला त्या सुंदर आहेत, पण त्या म्हणजे आपला भुतकेस नव्हे. तशाच जागेत भारंगीही येते. तिची निळसर फुले पावसाळ्यात येतात आणि पाने व फुले दोन्हींची भाजी होते. स्वयंपाकघराला उपयोग हवा असेल तर भारंगी, हिरव्या पडद्यावर पांढरे ठिपके उठून दिसावेत असे वाटत असेल तर भुतकेस.

गॅलरीतल्या कुंडीसाठी वरीलपैकी एकही झुडूप फारसे सोयीचे नाही. तिथे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली आबोली लावावी. ती लहान राहते, थोडी सावली सोसते आणि नियमित पाणी मिळाले तर दीर्घकाळ फुलत राहते.

महाबळेश्वर किंवा माथेरानला निळ्या फुलांची अंजनी पाहून ती घरी लावण्याचा मोह अनेकांना होतो. ती सदाहरित आणि देखणी आहे, पण तिची वाढ फार संथ असते आणि तिला भरपूर पावसाचा प्रदेश मानवतो; कोरड्या गावात तिच्यासाठी वर्षे खर्ची घालू नयेत. कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते, त्यामुळे तिला डोंगरावरच राहू द्यावे. रानातून मुळासकट रोप उपटून आणणे कोणत्याही झुडपाच्या बाबतीत टाळावे. तसे रोप क्वचितच जगते आणि तिथली जागा मात्र रिकामी होते. धायटीचे बी अतिशय बारीक असते, म्हणून ते मातीत न पुरता वर भुरभुरावे आणि फवाऱ्याने पाणी द्यावे. मुरुडशेंगेच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्याव्यात आणि मग पेराव्यात.